एका रेघेची भीती

आमच्या गल्लीत पहिला कूलर निघतो तो होळीच्या आगेमागे. मागच्या वर्षीची कुजलेली खस उपटून फेकायची, नवी बसवायची, पंप चालतो का ते बघायचं. आणि पाणी सोडलं की तो ओला, गवती, मातकट वास घरभर पसरतो. त्या वासाने सगळं नागपूर सुस्कारा सोडतं. मी मात्र कान टवकारतो. चार वर्षं झाली, हे असंच चाललंय.

उन्हाळ्याला घाबरणारी माणसं या शहरात कमी नाहीत. पण ती उन्हाला घाबरतात. दुपट्टा बांधतात, खिशात कांदा ठेवतात, पन्हं पितात आणि मोकळी होतात. मी आवाजाला घाबरतो. शेजारच्या घरी कुकरची शिट्टी जरा लांबली की मी ताटावरून उठून गॅलरीत जातो. अमरावती रोडवर ट्रकचं टायर फुटलं की माझ्या हातातला चहा सांडतो. वरातीतले फटाके मात्र मला चालतात, कारण ते सांगूनसवरून वाजतात. बायको म्हणते, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. म्हण खरी आहे. फक्त माझा ब्रह्मराक्षस काचेचा आहे, साडेसहाशे मिलिलिटरचा, आणि त्याला बाटलीत मीच भरलं होतं.

मी बिअर बनवतो. हे वाक्य नातेवाइकांच्या घोळक्यात मला अजून नीट म्हणता येत नाही. लग्नकार्यात कुणी विचारलं की मी 'फूड लाइनमध्ये आहे' असं सांगतो, आणि समोरचा माणूस मला लोणच्याचा कारखानदार समजून आदराने बघतो. माझा मावसभाऊ प्रमोद असली भीड बाळगत नाही. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. नागपूरलगतच्या वाडीला ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गोदामांच्या रांगेत त्याने एक शेड घेतली, परवान्यासाठी चपला झिजवल्या आणि छोटीशी ब्रुअरी उभी केली. मी तेव्हा औषधाच्या कारखान्यात लॅबमध्ये होतो. तू सायन्सवाला आहेस, मोजमाप तू बघ, असं म्हणून त्याने मला तिथून ओढून आणलं. त्या दिवसापासून आमच्या शेडमध्ये सायन्स म्हणजे मी, आणि माझ्या चुकीला सायन्समध्येही जागा नाही.

तिसऱ्या वर्षी प्रमोदला शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, बिअर बंद करा. प्रमोदने त्याचा अर्थ 'कमी करा' असा घेतला. हलवायाला स्वतःची मिठाई चाखायची बंदी व्हावी तसा तो आठ दिवस टाक्यांमधून हिंडला, आणि मग माझ्यासमोर येऊन बसला. बाजारात कमी कॅलरीच्या बिअर तेव्हाही होत्या. बाटलीवर धावणारा माणूस आणि आत पाणी. त्याला तसली नको होती. तो म्हणाला, "मले पाणी नको पाजू गा, सुधीर. कमी कर, पण कमी वाटली नाई पाहिजे."

या एका वाक्यात माझा एक अख्खा हिवाळा गेला. बिअरमधली ताकद येते दोन गोष्टींतून, अल्कोहोल आणि यीस्टने खाऊन उरलेली साखर. दोन्ही कमी केलं की कॅलरी कमी होते, हे कुणीही सांगेल. पण त्यांच्याबरोबर चवही निघून जाते, आणि जिभेवर उरतो तो नुसता फेसाचा भास. मी मोड आणून वाळवलेल्या जवाचं प्रमाण उतरवलं, कुहीकडचा तांदूळ घातला, हलकेपणा आला आणि बिअर मेली. ओट्स घातले तर तिला अंग आलं, पण ती दलियासारखी लागायला लागली. हॉप्सची कडवट फुलं शेवटी शेवटी टाकून बघितली, मीठ चिमूटभर टाकून बघितलं. प्रमोद प्रत्येक पेला उजेडात धरायचा, एक घोट घ्यायचा आणि उरलेला वॉश बेसिनमध्ये ओतायचा.

मृग बहाराची संत्री आली तेव्हा वाट सापडली. घरात रोज संत्री सोलली जायची, आणि सालींचा ढीग पाहून मला वाटलं, चव नाही तर वास तरी भरलेला असू द्यावा. अर्धी चव नाकातच असते. सालीचा आतला पांढरा भाग चाकूने खरवडून काढायचा, नुसता केशरी पापुद्रा ठेवायचा, तो गच्चीवर सावलीत वाळवायचा. महिनाभर आमची गच्ची अशी घमघमत होती की वरच्या मजल्यावरच्या काकू मुरंब्यासाठी वाटी घेऊन आल्या होत्या. त्या सालीने, थोड्या ओट्सने आणि एका एन्झाइमने मिळून ती बिअर उभी राहिली. यीस्टला जी साखर चावता येत नाही ती हे एन्झाइम बारीक करून देतं. मग यीस्ट सगळं फस्त करतं, गोडवा औषधालाही उरत नाही. फक्त एक अट असते. त्याला वेळ द्यावा लागतो. ते हळू काम करतं आणि आपण झालं म्हटलं म्हणून थांबत नाही.

पातळ, पण अंगाचं असावं, हे मी पूर्वी दुसऱ्याच गोष्टीबद्दल ऐकलं होतं. तांडापेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत माग होता. बाबा सुताला भाताच्या पेजेची खळ लावायचे आणि चिमटीत धरून बघायचे. खळ जास्त झाली तर कापड पुठ्ठ्यासारखं होतं, कमी झाली तर सूत टिकत नाही. लुगडं अंगठीतून जावं आणि तरी नेसल्यावर अंगाला बिलगून लोळू नये, हे त्यांचं माप होतं. त्यांच्यानंतर माग भंगारात गेला. आमच्या घरातलं आता कुणी विणत नाही, एक भाऊ बँकेत आहे आणि मी हा असा. पण पेला तोंडाला लावताना माझा अंगठा आणि तर्जनी अजूनही नकळत एकमेकांवर घासतात.

बाबाही उन्हाळ्यात घाबरायचे. वैशाखात नागपूरची हवा इतकी कोरडी होते की सूत कडक होतं आणि ताण्याचे उभे धागे तटातट तुटतात. आई मागाखालच्या खड्ड्यात पाणी शिंपडायची, दाराला ओली पोती लावायची. आम्हा मुलांना त्या खोलीत पळायची बंदी होती. आणि एक नियम होता. धागा तुटलेला ज्याला दिसला, त्याने तिथल्या तिथे मोठ्याने 'तुटला' म्हणायचं. कुणाच्या हातून तुटला, काहून तुटला, हे कुणी विचारायचं नाही. न सांगितलेला धागा पुढे कापडात बारीक फट होऊन उतरतो, आणि मग हातभर विणलेलं उसवावं लागतं. सहा-सात वर्षांचा असताना मी लपाछपीत मागाखाली शिरलो आणि माझ्या पाठीने दोन धागे गेले. घाबरून मी 'तुटला' म्हणून ओरडलो. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी गाठ मारली आणि पुन्हा पाय दाबून माग चालू केला. इतकी मोठी माफी मला नंतर कुणी दिली नाही.

हे सगळं मला येत होतं. म्हणून तर पुढचं सांगताना लाज वाटते.

आमच्या घराण्यात नवा ताणा मागावर चढायचा तो अक्षय तृतीयेला. त्या दिवशी सुरू केलेलं सरत नाही, अशी समजूत. माग गेले, पण मुहूर्त राहिला. मावशीने, म्हणजे प्रमोदच्या आईने, ठरवून टाकलं की नवी बिअर बाटलीत भरायची ती अक्षय तृतीयेलाच. ती स्वतः शेडमध्ये आली. स्टीलच्या टाकीशेजारी तिने पितरांसाठी पाण्याची घागर मांडली, वर आंबा ठेवला, द्रोणात चिंचवणी ठेवलं, टाकीला हळदकुंकू लावलं आणि आत काय आहे ते शेवटपर्यंत विचारलं नाही.

बिअर झाली की नाही हे एक काचेचा तरंगता काटा सांगतो. त्यावर रेघा असतात. साखर संपत जाते तसा काटा बुडत जातो, आणि सलग तीन दिवस तो एकाच रेघेवर थांबला की समजायचं, यीस्टचं जेवण आटोपलं. त्या सकाळी काटा आदल्या दिवशीपेक्षा एक रेघ खाली होता. एक रेघ म्हणजे किती, नखाच्या कडेइतकी. पण त्याचा अर्थ सरळ होता, आत अजून काम चालू आहे, दोन-चार दिवस थांबा. बाहेर मावशी निरांजन लावून उभी होती. प्रमोद नवा सदरा घालून आला होता. त्याने लांबूनच हाताने विचारलं, काय? मी काटा पुसला आणि होकाराची मान हलवली. त्या मान हलवण्याला मी पुढे अनेक नावं दिली, थकवा, घाई, मोठ्यांचा मान. खरं नाव एकच आहे. नाही म्हणायला मी घाबरलो.

तीनशेच्या वर बाटल्या भरल्या. फेस यावा म्हणून प्रत्येकीत साखरेच्या पाण्याचं एकेक माप टाकलं, झाकणं दाबली आणि क्रेट शेजारच्या गोदामात रचले. ते गोदाम जुनं, जाड भिंतींचं, वर स्लॅब असलेलं. वाडीच्या मानाने तिथे गारवा होता.

त्या गारव्यात दुपारी सुमनबाई पडायच्या. सुमनबाई आमच्याकडे बाटल्या धुतात. मौद्याकडच्या एका खेड्यातून नवऱ्यामागे वाडीला आल्या. नवरा ट्रकवर असतो, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. त्यांची भाड्याची खोली पत्र्याची आहे आणि वैशाखात तिथे भांडंसुद्धा हातात धरवत नाही. म्हणून जेवण झालं की त्या गोदामात यायच्या, क्रेटच्या दोन रांगांमध्ये तरट अंथरायच्या, तांदळाच्या रिकाम्या पोत्याची घडी डोक्याखाली घ्यायच्या आणि चारपर्यंत लवंडायच्या. बिअरबद्दल त्यांचं मत वाईट आहे. ते कडू पाणी लोकं पैसे देऊन काहून पितात, हे कोडं त्यांना सुटलेलं नाही. पण बाटली अशी धुतील की उलटी धरली तर आत आपला चेहरा दिसावा.

बाटल्यांत न मावलेली बिअर मी एका बरणीत ठेवली होती, झाकणातून हवा बाहेर सोडणारी नळी लावून, लॅबच्या कोपऱ्यात. पाचव्या दिवशी सहज तिकडे पाहिलं तर नळीतून बुडबुडे चालले होते, एकामागून एक, अगदी शांतपणे. मी काटा टाकला. तो बुडाला आणि बुडतच गेला. भरलं त्या दिवसापेक्षा पाच रेघा खाली.

बरणीला नळी होती. बाटल्यांना नव्हती.

त्या दिवसापासून पुढचे चार दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात शहाणे दिवस आहेत, कारण मी क्षणभरही विचार करायचा थांबलो नाही. बाटल्या जाड असतात. जुन्या असल्या म्हणून काय झालं. बरणी खिडकीजवळ होती, तिला ऊन लागलं असेल. उद्या पुन्हा मोजू, मग सांगू. प्रमोदने पुढच्या आठवड्यात हॉटेलवाल्यांना चाखायला बोलावलं होतं, त्याच्या तोंडावर बऱ्याच दिवसांनी रंग आला होता, त्याला आजच कशाला. अशी एकेक समजूत मी स्वतःला चमच्याने भरवत होतो. आणि रोज दुपारी गोदामाच्या दारात जाऊन कान देत होतो. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत सगळी वाडी आडवी झालेली असायची, ट्रकसुद्धा निंबाखाली झोपलेले. आत अंधार, सालीचा पुसट वास, आणि सुमनबाईंचा श्वास. त्या कुशीवर वळल्या की पोतं खसखसायचं आणि मी दारातून एक पाऊल मागे सरायचो.

मला माहीत होतं त्या तिथे झोपतात. हे लिहिताना मी पळवाट ठेवत नाही. सहाव्या दिवशी मी त्यांना म्हटलंदेखील, बाई, इथे पडू नका, उंदीर झालेत. त्या हसल्या. म्हणाल्या, उंदराला कोण घाबरतं, गावात तर सापाशेजारी झोपलो आम्ही. मीही हसलो आणि परत आलो. माणसाला मरणाच्या दारातून उठवायचं होतं, आणि मी उंदराचं नाव घेतलं.

नवव्या दिवशी दुपारी मी दारापर्यंत पोचायच्या आतच आवाज झाला. फटाक्यासारखा नव्हता. बोदा, आत दाबलेला, जाड चादरीखाली कुणी नारळ फोडावा तसा, आणि मागोमाग काच सांडल्याची किणकिण. मी आत धावलो तेव्हा सुमनबाई जाग्या होत्या. त्या ओणव्या होऊन झाडूने काचा गोळा करत होत्या, इतक्या सराईतपणे की मला आधी काय चाललंय तेच कळेना. शेजारी एक पोतं होतं, तोंड बांधलेलं. त्यांच्या उजव्या हाताला लुगड्याची चिंधी होती आणि तिच्यावरचं रक्त काळं पडलेलं, म्हणजे आजचं नव्हतं. मी पोत्याला हात लावला. आतून काचा वाजल्या, खूप काचा.

मला पाहून त्या झाडू टाकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मीच धुतल्या होत्या जी ह्या बाटल्या. त्या दिवशी पाणी लय गरम झालं होतं, माह्याच हातून चरे गेले असतीन. अकरा फुटल्या आतापर्यंत. प्रमोदभाऊले नका सांगू."

अकरा. त्या तीन दिवसांपासून काचा झाडत होत्या, पोत्यात भरून क्रेटमागे लपवत होत्या, कामावरून काढतील या भीतीने. मी तिकडे लॅबमध्ये माझी भीती लपवत होतो आणि त्या इथे त्यांची. फरक एवढाच, की त्यांची भीती त्यांच्याच अंगावर फुटत होती. मी खाली पाहिलं. तरटावर, डोक्याखाली घ्यायच्या पोत्याच्या घडीत, बाटलीच्या गळ्याचा एक तुकडा उभा रुतला होता.

तिथे, त्या जागी, एक शब्द म्हणायचा होता. लहानपणी तो मी ओरडून म्हटला होता. त्याऐवजी मी म्हणालो, "तुमच्यामुळे नाही, बाई. गरमीनं फुटल्या."

प्रमोदलाही मी तेच सांगितलं. गोदामाला कुलूप घातलं, सुमनबाईंना दवाखान्यात नेलं. तळहाताला तीन टाके पडले. त्या टाके घालताना कण्हल्या नाहीत, पण परत येताना ऑटोमध्ये दोनदा विचारलं, खरंच गरमीनं ना? दोन्ही वेळा मी हो म्हटलं. माझा आवाज अगदी ठाम निघाला होता, याचं मला आजही नवल वाटतं.

दुसऱ्या दिवशी, उजाडताना, हवा त्यातल्या त्यात थंड असते तेव्हा, आम्ही त्या बाटल्या उघडल्या. आदल्या संध्याकाळी बर्फाच्या लाद्या आणून गोदामात ठेवल्या होत्या, क्रेटवर ओली पोती टाकली होती. प्रमोदने हेल्मेट घातलं आणि अंगाला घरची गोधडी सुतळीने बांधून घेतली. मी माझं हेल्मेट आणि एकावर एक दोन जीन्स चढवल्या. दुसरा कुठला दिवस असता तर आम्ही एकमेकांचे फोटो काढले असते. एकेक बाटली ओल्या पोत्याखाली धरायची, तोंड पलीकडे वळवायचं, आणि झाकण केसभर उचलायचं. फुस्स करून फेस यायचा, मग पुढची. हेल्मेटच्या आत माझाच श्वास मला ऐकू येत होता, आणि प्रत्येक बाटली हातात घेताना मी बाबांना हाक मारत होतो, मनातल्या मनात. तरी दोन बाटल्या फुटल्याच. एक माझ्या पोत्याखाली. पोत्याने काच अडवली, पण तो धक्का कोपरापर्यंत चढला, आणि वैशाख आला की अजून चढतो.

शेवटच्या बाटल्यांपैकी एक प्रमोदने पेल्यात ओतली. हेल्मेटची काच वर करून त्याने घोट घेतला. गोडवा शून्य, जिभेवर भरलेलं अंग, आणि मागून संत्र्याचा तो केशरी वास. त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "हेच पाहिजे होतं गा मले." बिअर झाली होती. आम्ही तिला बंद केल्यानंतर, आत, एकटीच, पूर्ण झाली होती. मावशीने नजर लागली असं निदान केलं आणि शेडच्या दाराला लिंबू-मिरची बांधली. ती लिंबं बघत मी महिनाभर आत-बाहेर केलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर टळटळीत दुपार होती.

आता आम्ही काटा तीन नाही, सात दिवस एका रेघेवर थांबल्याशिवाय बाटली हातीसुद्धा धरत नाही. मुहूर्ताला नुसती टाकीची पूजा होते. बाटल्या नव्या आणि जाड घेतो. ती हलकी बिअर चालते, संत्र्याच्या सालीसाठी लोक नाव घेऊन मागतात, आणि प्रमोद महिन्यातून एकदा अर्धा पेला पिऊन उरलेला महिना तिच्याबद्दल बोलतो. त्या उन्हाळ्याचं नावही कुणी काढत नाही.

एका माणसाशिवाय. गरमीनं फुटतात, हे मी सांगितलेलं सुमनबाईंनी गाठ मारून ठेवलं. दुसऱ्या वर्षी ऊन चढलं तसं मी पाहिलं, त्या बादली घेऊन गोदामात चालल्या आहेत. क्रेटवर पोती टाकून त्यांनी ती भिजवली. दोन तासांनी पुन्हा. कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात, जेवणाआधी आणि जेवणानंतर, त्या आवारातल्या नळावरून पाणी वाहतात आणि बाटल्या थंड ठेवतात. काही गरज नाही त्याची. पोती सुकी राहिली तरी त्या बाटल्यांना काही होत नाही. प्रमोद त्यांचं कौतुक करतो. मी लॅबच्या खिडकीतून बघतो. दर वर्षी त्या एकदा विचारतात, यंदा जास्त गरमी आहे, फुटणार नाहीत ना? आणि मी म्हणतो, नाही बाई, तुम्ही आहात ना.

यंदा त्यांचा गुडघा धरलाय. नवतपा, म्हणजे वर्षातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागायच्या आदल्या दिवशी मी खिडकीतून पाहिलं, त्या बादली दोन्ही हातांनी धरून एक पाऊल टाकत होत्या, खाली ठेवत होत्या, पुन्हा उचलत होत्या. नळापासून गोदामापर्यंत सहा ठिकाणी पाणी सांडलेलं, आणि ते बघता बघता वाळत होतं. माझ्या एका वाक्याने एक बाई चार उन्हाळे पाणी वाहत होती. मी बाहेर गेलो आणि त्यांच्या हातातली बादली घेतली. आणि सांगितलं. काटा, रेघ, मान हलवली ते, बरणी, उंदीर. उभ्या उभ्या, भर उन्हात, मधे न थांबता. थांबलो असतो तर पुन्हा काहीतरी दुसरं बोललो असतो, याची मला खात्री होती.

त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं रडतील, किंवा शिव्या देतील. त्यांना छान शिव्या येतात. त्यांनी नुसतं विचारलं, "कोणत्या दिवशी समजलं तुमाले?"

मी म्हटलं, पाचव्या.

त्यांनी उजवा तळहात उघडला. तिथे ती टाक्यांची पांढरी खूण आहे. अंगठ्याने बोटांच्या पेरांवर त्या मोजत गेल्या, ओठ हलत होते, आणि सातव्या पेरावर अंगठा थांबला. "हे सातव्या दिवशी झालं," त्या म्हणाल्या. मग हात मिटून पदराखाली घेतला.

दुसऱ्या दिवशी नवतपा लागला. जेवण झाल्यावर सुमनबाईंनी नेहमीसारखी बादली भरली. मी म्हटलं, बाई, आता गरज नाही, सांगितलं ना. त्या म्हणाल्या, "तुमी नाई म्हणता म्हणून सोडू काय?" पोती भिजवून झाल्यावर त्यांनी गोदामातलं आपलं तरट गुंडाळलं, बाहेर आवारातल्या निंबाखाली नेऊन अंथरलं आणि तोंड गोदामाकडे करून बसल्या. निंबाला यंदा पानं कमी आहेत. सावली चाळणीसारखी पडते, लूची झळ थेट अंगावर येते. मी आत या म्हटलं, प्रमोदने म्हटलं, मावशीने निरोप पाठवला. त्या नाही म्हणाल्या.

मग मी गोदामात गेलो. क्रेटच्या दोन रांगांमध्ये, जिथे त्यांचं तरट असायचं, तिथे लादीचा एक लांबट तुकडा झोपून झोपून गुळगुळीत झालाय. मी तिथे बसलो, डोक्याच्या दोन्ही बाजूंना बाटल्या. काटा सात दिवस एका रेघेवर होता, हे मला माहीत आहे, मीच मोजलंय. तरी एखादं झाकण उन्हाने टक् करतं आणि माझा हात डोळ्यांवर जातो. रोज चार वाजेपर्यंत मी तसाच बसून राहतो. दारातून मला त्या दिसतात, त्यांना मी.

आज नवतप्याचा सहावा दिवस आहे. त्या अजून बाहेर बसतात, आणि मी आत.